टॅन्सीची सख्खी बहीण

एव्हिस दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून घरी येणार होती आणि तिची मांजर टॅन्सी अजून बेपत्ताच होती. क्लेमने सफरचंदाच्या बागा, धक्का, शेजाऱ्यांची गॅरेजं, सगळं पालथं घातलं होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर बायको फोनवर नवऱ्याआधी मांजरीची खुशाली विचारायची आणि क्लेम 'झोपलीय' म्हणून वेळ मारून न्यायचा.

शेवटी टॅन्सी जिथून आणली होती त्याच मळ्यावरून त्याने तिची बहीण आणली. आई तीच, बाप तोच, वीणही तीच. हॉबार्टच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लेकीने, थियाने, तिला टॅन्सीच्या फोटोशेजारी धरलं. दोघी काळ्या-केशरीच, पण टॅन्सीचा चेहरा अर्धा काळा आणि हिचा सगळा केशरी.

"बाबा, हे जुळणारच नाही. एका एक्स गुणसूत्रावर बापाचा केशरी, दुसऱ्यावर आईचा काळा. पिल्लू पोटात इवलंसं असतानाच प्रत्येक पेशी दोघांतलं एक गप्प करते. कुठलं, ते ज्याचं त्याचं नशीब. पुढे तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तेच गप्प ठेवतात. हुबेहूब जुळी असती तरी ठिपके वेगळेच पडले असते."

"कायम बापाचंच गप्प करत नाहीत ना?"

"कांगारूंमध्ये करतात."

"आपल्या घरासारखं," क्लेम म्हणाला आणि मांजर घेऊन शेडवर गेला.

गावातली निवृत्त मंडळी त्या शेडमध्ये जुन्या खुर्च्या दुरुस्त करत. त्यांतल्या होरीने मांजरीकडे तुटलेल्या खुर्चीकडे पाहावं तसं पाहिलं. लाकडाचा रंग जुळवणाऱ्याला अर्धा चेहरा काय जड, असं त्याचं म्हणणं पडलं. वाइनच्या बाटलीचं बूच जाळून, फोटो समोर टेकवून त्याने हलक्या बोटाने काळा रंग भरला. काम सुरेख झालं. मग मांजरीने पंजा चाटला आणि तोंड पुसायला घेतलं. काळं दोन्ही गालांवर गेलं, मग होरीच्या शर्टावर, आणि घरी आल्यावर सोफ्यावर.

एव्हिस कुबड्या टेकत आली, त्याच सोफ्यावर बसली. मांजर हुंगत हुंगत मांडीवर चढली. एव्हिसने तिच्या कानामागे खाजवलं.

"हिचं नाव काय, क्लेम?"

क्लेमच्या हातात चहाची किटली तशीच राहिली. "अजून ठेवलं नाही."

"आणि टॅन्सी?"

"तू गेलीस त्याच दिवशी दारातून निसटली. सगळीकडे शोधलं गं."

एव्हिसने त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"उद्या मला बागेपर्यंत ने. माझी हाक ती ओळखते. आणि हिचं तोंड धू आधी, बिचारी खाणीतून पाळी करून आल्यासारखी दिसतेय."