हातमोजे सुरक्षित आहेत

धोकादायक वस्तूपासून माणसाला वाचवायचं असेल, तर आधी ती वस्तू माणसापासून वाचवली पाहिजे, हे सरकारी सुरक्षिततेचं मूळ तत्त्व आहे. (ज्यांना हे पटत नाही त्यांनी सरकारी नोकरीत शिरू नये. बाहेरही त्यांचं फारसं बरं चाललेलं दिसत नाही.) उस्मानाबाद जिल्ह्यात हे तत्त्व कुणी जिवापाड पाळलं असेल, तर ते येडशीच्या सरकारी भांडाराचे भांडारपाल विष्णुपंत यांनी.

विष्णुपंत मूळचे तुळजापूरचे. निजामाच्या अमलात त्यांनी सामानाच्या याद्या उर्दूत लिहिल्या, मग काही वर्षं इंग्रजीत, आणि छप्पन साली जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर मराठीत. तिन्ही राजवटींत त्यांच्या भांडारातून सुईसुद्धा हरवली नाही. (वापरलीही गेली नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

भांडाराच्या आवारातच डाकबंगला होता. सत्तावन साली तिथं विलायती बैठकीचं पांढरंशुभ्र संडासाचं भांडं बसलं. येडशीचं पाणी क्षारट, त्यामुळं दोन महिन्यांत भांड्यावर पिवळा थर चढला. एक मोठे साहेब मुक्कामाला आले, आत गेले आणि गेल्या पावली बाहेर आले. बोलले काहीच नाहीत, पण सकाळचा चहा त्यांनी उभ्यानं घेतला. त्यावरून पाच महिने पत्रव्यवहार झाला आणि शेवटी वरून तीन गोष्टी आल्या: पेंढ्यात गुंडाळलेला तेजाबाचा काचेचा बुधला, रबरी हातमोज्यांचा एक जोड आणि तेजाब सुरक्षितपणे कसं ठेवावं व वापरावं याची कलमवार नियमावली.

नियमावली विष्णुपंतांनी आंघोळ करून वाचायला घेतली.

तेजाब थंड जागी ठेवावं, असं दुसरं कलम होतं. साऱ्या आवारात थंड जागा एकच, पिण्याच्या पाण्याच्या माठाची कोठी. विष्णुपंतांनी माठ काढून उन्हात ओट्यावर ठेवला आणि बुधला कोठीत नेला. त्या उन्हाळ्यात भांडारातली माणसं ऊन ऊन पाणी प्यायली, तेजाब मात्र गारेगार राहिलं. बुधला डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवू नये, असं चौथं कलम. डोळे कुणाचे, याचा खुलासा नव्हता. विष्णुपंतांनी सगळ्यांची उंची मोजली. शिपाई धुळाप्पा सर्वांत बुटका, चार फूट दहा इंच. म्हणून त्याच्या डोळ्यांशी भिंतीवर काळी रेघ मारली. धुळाप्पाची उंची घटत नाही ना, हे दर तीन महिन्यांनी तपासण्यात येई. (घटली नाही. शाबास धुळाप्पा.)

खरी गोम होती अकराव्या आणि बाराव्या कलमात. अकरावं म्हणे, तेजाबाचं काम करणाऱ्यानं हातमोजे घालावेत. बारावं म्हणे, हातमोजे उत्तम स्थितीत राखण्याची जबाबदारी भांडारपालाची. विष्णुपंतांनी यावर तीन दिवस डोकं खाजवलं. तेजाब ज्याला लागेल त्याला खातं. हातमोज्यांना लागलं तर हातमोजे खाणार. मग ते उत्तम स्थितीत कसे राहणार? म्हणजे अकरावं पाळलं की बारावं मोडलं! विष्णुपंतांच्या हयातीत कलम मोडणार? छे!

चौथ्या दिवशी तोड निघाली. सफाईचं काम लिंबाजीकडं होतं. (तोच चौकीदार, तोच माळी आणि तोच पाणक्या. चार कामांना माणूस एकच.) दर महिन्याच्या एक तारखेला लिंबाजीनं व्हरांड्यात पाटावर बसावं, विष्णुपंतांनी कपाटातून हातमोजे काढावेत, लिंबाजीनं ते पंधरा मिनिटं घालावेत. मग काढून, पुसून, पावडर लावून ते परत कुलपात, आणि पुढं महिनाभर लिंबाजीनं उघड्या हातांनी बाटलीत तेजाब घेऊन भांडं घासायला जावं. अकरावं कलम पाळलं गेलं आणि बारावंही. पुढं जिल्ह्यातल्या तीन भांडारांनी ही पद्धत उचलली.

दोन महिने हे सुरळीत चाललं. तिसऱ्या महिन्यात लिंबाजीची बायको सिताबाई त्याला दंडाला धरून भांडाराच्या दारात आली.

"सायेब, ह्येंचा हात बघा जरा. कातडं सोलून निघालंय. भाकर मोडता येईना. आसंच चाललं तर हात जाईल ह्येंचा."

विष्णुपंतांनी हात बघितला. माणूस वाईट नव्हता हो. घरातून त्यांनी खोबरेलाची वाटी मागवली. "हे लाव सकाळ-संध्याकाळ."

"त्याल नगं. ते मोजं द्या."

"अगं, मोजे तेजाबात घातले तर खराब होतील!"

"मंग हात?"

सवयीनं विष्णुपंतांनी सामानाची वही पुढं ओढली, हातमोज्यांच्या ओळीवर बोट ठेवलं, वरची ओळ बघितली, खालची बघितली.

"हाताची नोंद नाही माझ्याकडं, सिताबाई," ते कळवळून म्हणाले. "नोंद असती तर तोही कुलपात ठेवला असता."

"चल गं," लिंबाजी म्हणाला. "पंत तरी काय करत्याल."

ही समजूतदार वृत्ती हाच आपल्या प्रशासनाचा कणा आहे.

लिंबाजी आणखी सव्वा वर्ष घासत राहिला. मग एके सकाळी सोललेल्या बोटांतून तेजाबाची बाटली निसटली आणि सगळं तेजाब त्याच्या उजव्या हातावर सांडलं. तीन बोटं आखडली ती कायमची.

अपघाताचा नमुना भरायचा होता. त्यात रकाने तीन: नुकसान झालेल्या वस्तूचं नाव, नग किती, दुरुस्त होण्यासारखी आहे का. विष्णुपंतांनी लिहिलं: बाटली, एक, नाही. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बायको चंद्रप्रभाबाईंनी दोनदा विचारलं, तरी ताटावरून उठले. संध्याकाळी भांडारात जाऊन त्यांनी बाटलीच्या खाली पेन्सिलीनं "हात" असं लिहिलं. मग खोडलं. पेन्सिलीच्या नोंदी ग्राह्य धरत नाहीत.

सरकार मायबाप असतं ते असं: लिंबाजी कामातून गेला म्हणून त्याचं घर उघड्यावर पडू दिलं नाही. त्याच्या जागी सिताबाईला घेतलं. पहिल्या दिवशी लिंबाजी भांड्यापाशी उभा राहून, कुठं किती ओतायचं ते डाव्या हातानं दाखवत होता. सिताबाईनं मोजे मागितले नाहीत. तिच्या हाताला ते मोठेच झाले असते. एक तारखेला ते आता धुळाप्पा घालू लागला.

साठ साली वरून तपासणी आली. अधिकाऱ्यांनी कोठी बघितली, काळी रेघ बघितली, हातमोजे नाकाशी नेऊन वास घेतला. तीन वर्षांत एक सुरकुती नाही! त्यांनी विष्णुपंतांची पाठ थोपटली आणि प्रशस्तिपत्र दिलं.

आता विष्णुपंतांना हसणाऱ्यांसाठी एक खुलासा करणं भाग आहे. त्याच नियमावलीत तेविसावं कलम होतं: "डाकबंगल्यातील कोणाही पाहुण्याने, सफाई करणाऱ्याच्या हातात मोजे आहेत काय, असे एकवार विचारल्यास, ते त्याच क्षणी कायमचे वापरास द्यावेत." हे कलम पाहुण्यांना कळावं म्हणून विष्णुपंतांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात फळीवर रंगवलं आणि विलायती भांड्याच्या बरोबर समोर, बसलेल्या माणसाच्या नजरेत येईल असं टांगलं. तिथं दुसरं वाचायला काही नसल्यानं प्रत्येक पाहुण्यानं ते सावकाश, पुरतं वाचलं. सिताबाईला वाचता येत नव्हतं. ती फळी रोज पुसायची.

पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही ठेवलेली होती. बासष्ट सालापर्यंत त्यात चारशे बारा शेरे पडले. चहा पाणचट: एकशे एकतीस. डास: अठ्ठ्याऐंशी. साबण नाही: सत्तावन्न. रामलिंगाच्या देवळातल्या माकडांनी टॉवेल नेला: नऊ. आणि "भांडं लख्ख, स्वच्छता उत्तम": एकशे सत्तावीस. विष्णुपंत रोज सकाळी कपाटाची किल्ली हातात घेऊनच ती वही उघडायचे. एकानं विचारलं असतं तरी पुरे होतं.

वही अजून आहे. एकशे सत्तावीसांतली एक सही तुमच्यासारखी वाटते. तुमची नसेल तर वडिलांची असेल. घराण्याचं वळण तेच आहे.