खाडाखोडीची कळ

शुक्रवारी दुपारी राजेश्री मॅडमनी प्रयोगशाळेतल्या पहिल्या संगणकावर एक अक्षर चुकीचे टंकले आणि ते खोडण्यासाठी बॅकस्पेसची कळ दाबली. अक्षर तसेच राहिले. त्याच्यापुढे टोपीसारखी एक खूण आणि एच उमटला. पुन्हा दाबल्यावर आणखी एक टोपी, आणखी एक एच. उरलेल्या अठरा संगणकांनीही हेच केले. पुरवठादार कंपनीने प्रोग्रॅम चालवणारा आपला नवा इंटरप्रिटर त्याच सकाळी बसवून दिला होता. टंकलेली प्रत्येक ओळ वाचून तो लगेच उत्तर देई. टोप्या असलेली ओळ मात्र सरळ नाकारी.

सोनपेठच्या त्या मुलींच्या कनिष्ठ महाविद्यालयात दुसऱ्या दिवशी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. गेल्या वर्षी वीज गेल्याने ती अर्धवट राहिली होती. यंदाही घोटाळा झाला, तर केंद्र पाथरीला हलणार होते. एकोणीस मुलींपैकी बऱ्याच जणींचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी आजी-आजोबा; ते पोरींना परगावी पाठवणारे नव्हते. पाथरीचे नाव निघताच या मुलींचा विषय सुटेल, हे मॅडमना ठाऊक होते.

त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

"इंटरप्रिटरमधी काई दोष नाई मॅडम. तुमचं टर्मिनल, म्हंजे टंकायची खिडकी, खोडायची खूण एक पाठवायलंय, अन् इंटरप्रिटर दुसरीची वाट बघायलाय. एका ओळीचं काम हाय."

"मग ती ओळ सांगा की."

"सेटिंगचा पासवर्ड आमच्याकडं ऱ्हातो. सोमवारी येतो."

"परीक्षा उद्याय."

"तवर पोरींना म्हणा, चुकू नका."

त्याने हे गमतीने म्हटले असावे. मॅडमनी मात्र तेच केले. प्रत्येकीने प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, तीनदा वाचायचा, मग एका बोटाने टंकायचा. चुकलेच तर पूर्ण ओळ नव्याने लिहायची. तरीही सरावाला बसलेल्या मुलींचे बोट सवयीने त्या कळेवर जाई आणि पडद्यावर टोप्यांची रांग लागे. प्रयोगशाळेची झाडलोट करणाऱ्या कडूबाई हे दारातून बराच वेळ बघत होत्या.

"मॅडम, पोरी दाबायच्या ऱ्हायनात. गुळाची ढेप म्होरं ठिवायची अन् खाऊ नका म्हणायचं, कसं जमंल?"

त्या घरी जाऊन उलथने घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत एकोणीस कळा बिस्किटांच्या डब्यात होत्या.

शनिवारी परभणीहून परीक्षक योगीराज सर आले. मुली कागदावर एक बोट ठेवून दुसऱ्या हाताने एकेक अक्षर टंकत होत्या. कुणाच्याही पडद्यावर चूक नव्हती. सर एका कीबोर्डवर वाकले.

"इथली कळ कुठंय?"

"काढली साहेब," मॅडमच्या आधी कडूबाईच बोलल्या. "खोडायची सोय दिली की पोरी इचार करीत न्हाईत."

योगीराज सरांनी तरुणपणी टंकलेखनाचे वर्ग घेतले होते. त्यांनी कळेच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवले. मग खुर्चीवर बसून शाईच्या पेनाने अहवालात सावकाश काहीतरी लिहू लागले.

परीक्षा संपली. एकोणीसही मुली उत्तीर्ण झाल्या. मॅडमना मात्र राहवेना.

"सर, खरं सांगू का? ती कळ काम करत नव्हती. टर्मिनलचं अन् इंटरप्रिटरचं जुळंना, म्हणून काढली. यात शिस्तीचं काही नाही."

सरांनी आपलाच शेरा पुन्हा वाचला. 'स्तुत्य उपक्रम. सर्व केंद्रांनी अनुकरण करावे.' खाली सही होती, शिक्काही होता.

"आधी सांगायचं होतं, मॅडम."

"आता बदला ना सर."

"अहवालात खाडाखोड चालत नाही," सर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावले.

सोमवारी इंजिनिअर आला, त्याने एक ओळ लिहिली आणि चहा घेऊन गेला. कडूबाईंनी एकोणीस कळा परत बसवल्या. दोन उलट्या बसल्या, पण चालल्या. गुरुवारी परिपत्रक आले. केंद्र सोनपेठलाच कायम होते. मात्र जिल्ह्यातील सर्व प्रयोगशाळांनी सदर कळ आठ दिवसांत काढून तसा अहवाल सादर करायचा होता.

मॅडमनी ते कडूबाईंना दोनदा वाचून दाखवले. कडूबाईंनी कपाटावरचा रिकामा डबा खाली घेतला, पदराने पुसला.

"उलथनं आज घरी हाय," त्या म्हणाल्या. "उद्या आणते."