दुपारी तीनचा उंचवटा

"छत आपलं, ऊन आपलं आणि माहिती मात्र परक्याच्या कपाटात? छट्! हे चालणार नाही!" नानांनी जाहीर केलं.

त्यांच्या सोलरची सगळी माहिती कंपनीकडे जायची. कंपनीचं ॲप रुसलं की आपल्याच छतावर किती वीज झाली, हे नानांना कळायचं नाही. शिवाय आपण गिझर कधी लावतो हे कुणा तिऱ्हाइताला कळतं, या विचाराने त्यांना आंघोळ करतानाही लाज वाटे. म्हणून त्यांनी पंधरा दिवस डोकं खपवून विजेची नोंद घरातच ठेवणारं, जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र जोडलं, कंपनीची जोडणी काढली आणि हॉलच्या भिंतीवर स्क्रीन लावला. आता घरची वीज, घरची माहिती!

"आठ दिवस बघते," शाळेत शिकवणारी त्यांची बायको म्हणाली. "एक आकडा जरी चुकला, तर पुन्हा कंपनीचं ॲप."

तिसऱ्याच दिवशी शाळेतून येताच ती स्क्रीनपुढे थबकली. "अहो, रोज दुपारी तीनला हा उंचवटा कसला? वापर एकदम चढलाय!"

नाना चपापले. हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही! "मी तर तेव्हा झोपलेला असतो!"

"मग कुणीतरी आपली वीज चोरतंय!" आणि नाना पुढचं काही सुचवेपर्यंत तिने वायरमनला फोन लावलासुद्धा.

वायरमनने सगळे बोर्ड उघडले, गिझर खोलला आणि शेवटी तो छतावर चढला. खाली शिडी धरून नाना घामाघूम! शेजारीण गॅलरीतून शपथेवर सांगत होती, "आमचा काही संबंध नाही हो!"

दोन तासांनी हात पुसत वायरमन म्हणाला, "वायरिंग ठणठणीत आहे, वहिनी. हा डबाच खोटं बोलतोय."

"मग काढा तो. लावा कंपनीचं."

वायरमनने पक्कड उचलली. नानांनी डब्याकडे पाहिलं. बिचारा एक अक्षरही खोटं बोलला नव्हता! त्यांना अगदी भरून आलं.

"थांबा! आकडा बरोबर आहे! चोर मी आहे!"

"म्हणजे?"

"रोज तीनला... ओव्हनमध्ये... चीज टोस्ट. चार."

डॉक्टरांनी चीज बंद करून सहा महिने झाले होते. बायको खो खो हसत सुटली.

"राहू द्या हो तो डबा," ती वायरमनला म्हणाली. "घरात कुणीतरी खरं बोलणारं हवंच."

नानांचा जीव भांड्यात पडला. लगेच छातीही फुगली. "म्हटलं नव्हतं? आपल्या माहितीचे मालक आपणच!"

"अगदी बरोबर," बायको डब्यासमोर खुर्ची ओढत म्हणाली. "आता जरा तिकडे तोंड करा. मी पासवर्ड बदलतेय."