दत्ताकाका आणि अधांतरी चाक

देवरूखच्या एसटीत दत्ताकाका कायम शेवटच्या सीटवर, खिडकीशी. वळण आलं की मुंडी बाहेर. "अहो, डोकं जाईल!" कंडक्टर ओरडायचा. काका मागच्या चाकाकडे बघून निवांत सांगायचे, "नाय उचललंन." मग पुढच्या वळणापर्यंत मुंडी आत.

काका माझे शेजारी. तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली. निवृत्त होऊन घरी आले ते सगळं बांधतच. परसातली घागर बांधलेली, भिंतीवरचं घड्याळ बांधलेलं, एकदा तर माझी छत्री त्यांच्या ओटीच्या खांबाला. "मास्तर, समुद्रावर सैल ठेवलंत ते गेलं." आपण आता रत्नागिरीत जमिनीवर राहतो, हे त्यांना कोण सांगणार?

चाकाचं वेड मुलीमुळे. शमा इंजिनिअरिंगला. भंगारातली जुनी गाडी उभी करून तिनं कोल्हापूरकडच्या ट्रॅकवर शर्यतीत नाव घातलं. आमच्या आळीत मुलीनं स्कूटर घेतली तरी तीन दिवस चर्चा चाले, त्या काळात! काका छाती काढून गावभर सांगत होते. पण जोरात वळलं की गाडीचं आतल्या बाजूचं मागचं चाक जमीन सोडायचं. इंजिनचा जोर मागच्या चाकांवर. अधांतरी चाक नुसतं गरगरायचं आणि गाडी मंदावायची. काकांनी जाहीर केलं, "चाक जमिनीवर आलं नाय, तर गाडी कोल्हापूर सोडा, इथल्या हातखंब्यापुढे जाणार नाय."

शमाचा चेहरा उतरला. महिना उरला होता.

काकांचा उपाय अर्थातच बोटीवरचा: घट्ट आवळा! गाडी फार कलू नये म्हणून मागच्या दोन चाकांना जोडणारी एक आडवी दांडी असते. काकांनी ती जाड बसवली. चाक वीतभर उचललं. मग आणखी जाड बसवली. शमा भाट्याच्या वरच्या मोकळ्या कातळावर गाडी वळवून बघायची; तिथे चाकावर नजर ठेवत पोटावर झोपलेल्या मला आता चाकाखालून पलीकडची झुडपं दिसू लागली.

"उचललंन?"

"उचललंन, काका."

ते माझ्यावरच डाफरायचे.

शेवटी शमा म्हणाली, "बाबा, बाहेरचं चाक दबलं की ही दांडी आतल्यालापण वर ओढते. सोडून तर बघूया."

"सोडायची?" भर समुद्रात कोणी नांगर कापायला सांगावं तसे काका तिच्याकडे बघत राहिले.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःच पाना घेऊन गाडीखाली शिरले आणि दांडी काढली. वळणावर गाडी जरा जास्त कलली खरी, पण चाक कातळ सोडीना. "पोरीनं बापाला शिकवलंन!" काका ओरडले. संध्याकाळपर्यंत ही बातमी त्यांनी मासळीबाजारात पोचवलीसुद्धा.

शर्यतीत शमा दुसरी आली. दांडी जणू मीच काढली होती, इतका मला अभिमान वाटला. ओरडून ओरडून घसा बसला. काका मात्र कुंपणाची तार धरून उभे होते. डोळे भरलेले.

"ही चालायला लागली तेव्हा मी बोटीवर होतो, मास्तर. सायकल शिकली, तेव्हापण. सगळं पत्रात वाचलं."

तेवढ्यात शमा हेल्मेट काढत आली.

"शमा, आणखी एक फेरी मार गो."

"बाबा, शर्यत संपली."

"म्हणूनच. आता हळू मार. मला नीट बघूदे."