मुत्सद्दी माणूस ‘नको’ म्हणत नाही

वर्धा जिल्ह्यात मुत्सद्देगिरीचं सरकारी शिक्षण घेतलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! हसू नका. पंचावन्न सालची गोष्ट. मी मलेरिया खात्यात निरीक्षक होतो, आणि खात्यानं मला ‘जागतिक आरोग्याचं धोरण आणि मुत्सद्देगिरी’ शिकायला दिल्लीला धाडलं होतं. देशोदेशींनी मिळून रोगराई कशी हटवायची, परक्या मंत्र्यापुढे किती वाकायचं, चहाचा कप कुठल्या हातात धरायचा, सगळं शिकून आलो! गुरुजींचा मुख्य मंत्र असा : मुत्सद्दी माणूस कधी ‘नको’ म्हणत नाही. समोरच्याचा मान वाढवायचा, की तो आपणहून हवं ते करतो!

पुढचं शिक्षण जिनिव्हाला होतं. कोणाला न्यायचं ते ठरवायला एक डॅनिश डॉक्टर हिंडत होते आणि ते माझं काम पाहायला येणार होते. मी इतका आसुसलो होतो, की वर्ध्याच्या उन्हात लोकरी कोट शिवून घेतला!

“आधी जानं तं ठरू द्या!” बायको कांता म्हणाली. “कोटातच उकडून जासान!”

कामासाठी मी केळझरपलीकडचं एक गाव निवडलं. नाव सांगत नाही. तिथल्या बायका अजून हयात आहेत! घरोघर भिंतींवर डीडीटी फवारलं. अशा भिंतीवर बसला की डास मेलाच. फक्त घरच्यांना बजावायचं, ‘आता भिंती सारवू नका’, नाहीतर औषध शेणामातीखाली गाडलं जातं. पण ‘नका’? आणि मी? छे! मी सगळ्यांना चावडीपुढे जमवलं आणि म्हणालो, “मायबहिणींनो, सातासमुद्रापलीकडून एक थोर पाहुणा खास तुमच्या भिंती पाहायला येतो आहे! गावाची शान आता तुमच्या भिंतींवर!”

काय टाळ्या पडल्या! नत्थूजी पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

ठरल्या दिवशी डॉक्टरसाहेबांची जीप गावात शिरली आणि पाहतो तो काय! एकूण एक भिंत ताज्या शेणामातीनं सारवलेली, वर पांढऱ्या मातीचे पट्टे, दाराशी रांगोळ्या! डीडीटीचा ठिपका कुठे दिसेल तर शपथ!

“वा, सुंदर!” साहेब म्हणाले आणि त्यांनी डास भरलेला काचेचा पेला काढला. हा पेला भिंतीला उपडा लावायचा. डास मेले तर मी जिनिव्हाला, जगले तर मी वर्ध्यालाच!

मी नत्थूजींना बाजूला ओढलं. “नत्थूजी, गावात सगळ्यात आळशी बाई कोण?”

“काय म्हनता साहेब?”

“जिनं भिंत सारवली नसेल अशी! लवकर बोला!”

नत्थूजी ताठ झाले. “आमच्या गावात आळशी बाई? पाव्हन्यासमोर गावाची इज्जत काढून राह्यले का?”

हे दाराआडून नत्थूजींच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी ऐकलं. मग काय, निरीक्षक आळशी बाई शोधतो आहे ही बातमी जीपच्या आधी गावभर फिरली! बायका पदर खोचून जमल्या.

“कोनाले आळशी म्हनून राह्यला हा?”

“त्या काय म्हणतात?” साहेबांनी विचारलं.

“तुमचं स्वागत करताहेत!”

एवढ्यात मला बंडूजी आठवला. एकटा जीव! घरात बाईमाणूस नाही, मग सारवणार कोण? “इकडे साहेब, इकडे!” मी धूम पळालो. मागे साहेब, त्यांच्या मागे अख्खं गाव.

बंडूजीच्या अंगणात शेजारच्या शकुंतलाबाई हात धूत होत्या. “या, या! बिचाऱ्याच्या घरी कोनी नाई, म्हनून मीच सारवून देल्लं. इज्जत काय एकट्याची असते?”

भिंत अजून ओली होती.

साहेबांनी पेला लावला. आम्ही वाट पाहिली. डास आत मजेत बागडत होते! एक तर पेला काढताना सुटला आणि माझ्याच कानाला चावला.

साहेबांनी भिंतीवर बोट फिरवलं. “पांढरं औषध कुठे गेलं? बाईंना विचारा.”

मी जमलेल्या बायकांना विचारलं.

“ते डाग?” सुलोचनाबाई अभिमानानं म्हणाल्या. “सारे झाकून टाकले! सांगजा त्याइले, एकही ठेवला नाई!”

“त्या म्हणतात...” मी सुरुवात केली. पण साहेबांनी बोटाचा वास घेतला आणि दुभाष्याची गरजच उरली नाही!

साहेब पोट धरधरून हसले. मी तेव्हा रडायच्या बेतात होतो. “एका भाषणात तुम्ही अख्खं गाव कामाला लावलंत! असा माणूस जिनिव्हाला नेणं म्हणजे या गावावर अन्याय,” साहेब म्हणाले.

झालं! गाव पुन्हा फवारायचं आणि दिवाळीपर्यंत भिंतींवर पहारा करायचा, असा हुकूम सुटला. मी दारोदार ओरडत फिरलो, “सारवू नका! सारवू नका हो!”

“मंग आधीच काऊन नाई सांगतलं?” सुलोचनाबाईंनी विचारलं. “तोंडात मिठाची गुळनी धरली होती का?”

दिवाळीला घरी आलो. आमच्या घरच्या भिंती मी स्वतःच्या हातानं फवारल्या होत्या. दार उघडलं आणि शेणामातीचा ओला वास आला. कांता माखलेले हात कमरेवर ठेवून उभी होती.

“इतक्या दिवसांनी घरी येऊन राह्यले, म्हनून सारं घर सारवलं! कमर मोडली माही! कशी दिसते भिंत?”

मी भिंतीकडे पाहिलं. मग कांताकडे पाहिलं.

“फारच सुंदर!” मी म्हणालो.

दिल्लीचं शिक्षण त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं. घरात दिवाळी शांततेत पार पडली, आणि पुढे मला हुडहुडी भरून मलेरिया झाला तेव्हा तो लोकरी कोटही कामी आला!