उपदेशाने पुसलेल्या काचा

पाळकसाहेबांचा उपदेश हरवल्याचं कळलं ते रविवारी सकाळी, उपासनेची घंटा व्हायच्या जरा आधी. चर्चमधल्या व्यासपीठावर आदल्या संध्याकाळी ठेवलेले कागद तिथे नव्हते. बायको गेल्यापासून कागद सांभाळणारं घरात कोणी नव्हतं, म्हणून ते इथेच ठेवत.

"मावशी, इथले कागद पाहिलेत?"

झाडलोट करणाऱ्या मावशींनी अभिमानाने खिडक्यांकडे बोट दाखवलं. "काचा कशा लखलखतायत बघा! कागदाशिवाय काच स्वच्छ निघत नाही."

"अहो, आजचा उपदेश होता तो!"

"आजचा? मी वाचलं ना थोडं. जहाजाच्या कप्तानाची गोष्ट. ती तर तुमची दोनदा सांगून झालीय. मला वाटलं, रद्दी."

पाळकसाहेबांना घाम फुटला. उपासनेनंतर सभा होती. मंडळी उपदेशात घोरते, तेव्हा दुसरा पाळक मागवावा, असं चर्चचा कारभार बघणाऱ्या कारभाऱ्यांचं म्हणणं होतं. कारभारी स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसून सर्वांत आधी घोरत, ती गोष्ट वेगळी.

घंटा झाली. हातात उरलं फक्त पवित्र शास्त्र. त्या दिवशीचा नेमलेला पाठ पाळकसाहेबांनी उघडला. प्रेषित पौल लांबलचक बोलत राहतो, खिडकीत बसलेल्या तरुणाला झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो!

दुसरं काही सुचेना. त्यांनी एक ओळ वाचली आणि तिचा अर्थ सांगितला. मग पुढची वाचली.

"मेला का हो तो?" शिंपीणबाईंनी मध्येच विचारलं. उपदेशात आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

"थांबा, इथे लिहिलंय. मेलेलाच उचलला म्हणे."

कारभारीणबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "अहो, आधी त्या कट्ट्यावरून उतरा!"

"आपला तळमजला आहे गं!" कारभारी खडबडून जागे झाले. मग चष्मा लावून त्यांनी स्वतःचं शास्त्र उघडलं आणि उभेच राहिले. "पाळकसाहेब, एक ओळ तुम्ही घाईत उरकलीत. माडीवर दिवे पुष्कळ होते, असं इथे स्पष्ट आहे. एवढ्या उकाड्यात कोणाचाही डोळा लागेल! पोराचा काय दोष?"

"सापडला बाई एकदाचा झोपणाऱ्यांना वकील!" कारभारीणबाई म्हणाल्या. सगळी मंडळी हसली. हातातल्या शास्त्रांची पानं फडफडू लागली.

"दोष कोणाचा, ते लिहिलेलं नाही," पाळकसाहेब म्हणाले. "पण धावत खाली कोण गेलं, ते लिहिलंय. ज्याच्या बोलण्यानं झोप लागली, तोच गेला. त्यानं पोराला कवटाळलं आणि सांगितलं, घाबरू नका, जिवंत आहे हा."

बोलता बोलता ते स्वतःच व्यासपीठावरून उतरून बाकांमध्ये येऊन उभे राहिले. घोरण्याचा आवाज कुठूनच येत नव्हता.

"मग तो पौल गप्प बसला असेल ना?" शिंपीणबाई.

"छे! वर जाऊन जेवला आणि उजाडेपर्यंत बोलला."

"आणि लोक बसले?"

"बसले."

"मग तुम्ही का थांबलात?" कारभारी ओरडले. "पुढचा अध्याय घ्या!"

घेतला. जेवणाची वेळ टळून गेल्यावर मंडळी बाहेर पडली, तीही दिव्यांवरून भांडतच. कारभारी सर्वांत पुढे होते.

दुसरा पाळक मागवायचा की नाही, यावरची सभा घ्यायची राहून गेली.