डावीकडचा चढलेला दात

कवळी करणं हा आपल्या हातचा मळ आहे, असं मामा चौतीस वर्षं सांगत आले होते. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडात मामांनीच केलेली कवळी असल्यामुळे उलट बोलायची कुणाची सोय नव्हती. म्हणून दाताची डॉक्टर असलेल्या भाचीने दवाखान्याच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणून ठेवला, आणि "मामा, आता मेण बंद. पडद्यावर कोरायचं, मशीन छापून देईल," असं सांगितलं, तेव्हा मामा नुसते हसले.

"दात तो दात. मेणाचा काय आणि पडद्यावरचा काय. गुरुवारी देतो."

गुरुवारची कवळी एका निवृत्त शिक्षिकेची होती. सगळे त्यांना बाई म्हणत. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे वरचे दात काढावे लागले. त्यांचे यजमान हल्ली विसरत चालले होते. आधी शेजाऱ्यांना विसरले, मग पोटच्या मुलाला विसरले, बायकोला तेवढं ओळखत होते. दात गेले, बाईंचे गाल बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना हात जोडून विचारलं, "नमस्कार. आपण कुणाकडे आलात?" तेव्हापासून ते रोज हेच विचारत होते.

बाईंनी लग्नातला फोटो मामांपुढे ठेवला. "हा डावीकडचा बघा, शेजारच्या दातावर चढलाय. हे मला बघायला आले तेव्हा आई म्हणाली होती, तोंड मिटून हस. मी विसरले. तो दात तेवढा हुबेहूब करा. बाकीचे कसेही चालतील."

मामांना गलबलून आलं. "काळजी सोडा," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी मामा पडद्यासमोर बसले. बाईंच्या जबड्यावर बेतलेली सरळसोट कवळी भाचीने तयार ठेवली होती. मामांनी कोरायचं हत्यार निवडलं, दातावर फिरवलं. दात जागचा हलला नाही. मामांनी माउस जोरात दाबला. मग दुसरं हत्यार, मग तिसरं. दातांवर काळपट सावली पडलेली दिसत होती, त्यामुळे नीट दिसत नसावं असं वाटून त्यांनी टेबलावरचा दिवा उजवीकडे सरकवला. सावली तशीच. दिवा डावीकडे ठेवला, खिडकीचा पडदा ओढला, शेवटी खुर्ची उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. संध्याकाळी भाची आली तेव्हा मामा स्टुलावर चढून छतावरचा बल्ब काढत होते.

"मामा, ही सावली नाही. तू सगळ्या दातांवर मास्क लावलायस. झाकलेल्या भागावर कुठलंच हत्यार चालत नाही."

"मग तसं लिहायला नको का कुठे?" मामा स्टुलावरून म्हणाले.

मंगळवारी हत्यार चाललं, पण उलटं. भर घालायला जावं तर खड्डा पडे. दुपारपर्यंत पुढच्या दातात एक विहीर झाली. मामांना मेणकामाची सवय. डावा हात टेकवल्याशिवाय त्यांचा उजवा चालत नसे, आणि तो डावा पंजा कीबोर्डवर, नेमका हत्यार उलटवणाऱ्या बटणावर टेकलेला होता. भाचीने तो अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

बुधवारी मात्र हात बसला. मामांनी तो एक दात कपाटाच्या दाराएवढा मोठा करून घेतला, फोटो शेजारी टेकवला आणि कोरत गेले. जरासा वळवला, जरासा पुढच्यावर चढवला, कड थोडी झिजवली. मेणाची कवळी हातात असते, दुसरी बाजू बोटांना कळते. इथे पडद्याबाहेर काय चाललंय हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी बाई यजमानांना घेऊन आल्या. मशीनमधून निघालेली कवळी भाचीने घासूनपुसून तयार ठेवली होती. बाईंनी ती बसवली आणि यजमानांकडे वळून हसल्या.

डावीकडचा दात चढलेला होता. उजवीकडचाही तितकाच चढलेला होता.

"आरशाचं बटण सुरू राहिलं," भाची कुजबुजली. "एका बाजूला केलं की दुसऱ्या बाजूला आपोआप होतं. बघायला हवं होतं मी."

यजमान खुर्चीतून पुढे झुकले. त्यांच्या कपाळावर आठी चढली. "हे चुकलंय," ते म्हणाले. "आमच्या हिचा एकच चढलाय. डावा."



"हिचा म्हणजे कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"तुझा गं. दोन कुठून आणलेस?"

बाईंनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मामांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चौतीस वर्षांत त्यांचं काम कधी परत आलं नव्हतं. "शनिवारी या. बिनचूक करून देतो," ते खाली मान घालून म्हणाले.

शनिवारची कवळी खरोखर बिनचूक होती. बटण तीनदा तपासलेलं, सगळे दात चारी बाजूंनी पाहिलेले. बाईंनी ती बसवली. फोटोतलीच बाई, फक्त केस पांढरे. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई हसल्या. यजमानांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि अदबीने हात जोडले. "नमस्कार. आपण कुणाकडे आलात?"

बाईंनी कवळी काढून टेबलावर ठेवली. "परवाची टाकून नाही ना दिलीत?"

मामांनी खण उघडून ती काढून दिली. बाईंनी ती बसवली आणि पुन्हा हसल्या. यजमानांच्या कपाळावर आठी आली.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "तुझा एकच चढलाय."

"कुठला हो?" बाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

दोघं गेल्यावर भाचीने विचारलं, "मामा, आजच्या कवळीचं काय करायचं?"

चौतीस वर्षांतलं आपलं सगळ्यात सुबक काम मामांनी रुमालात गुंडाळलं, खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.